कणकेची चिमणी आणि भिजवलेले वाटाणे



प्रस्तुत विषयाकडे वळण्यापूर्वी एक घरगुती हकीकत निवेदन करतो. गेल्या दिवाळीत माझ्या पाच वर्षांच्या नातीस एका स्नेह्यांनी खेळण्यातले स्वयंपाकघर भेट दिले. प्लास्टिकची शेगडी, प्लास्टिकची कढई, प्लास्टिकच्याच दोन पोळ्या, आणि सोबत हस्तकलेची एक सुबक पेटी. तीत कागद, मणी, पिसे, सर्व काही आयते कापून ठेवलेले. मुलीने दोन दिवस ते मांडले. तिसऱ्या दिवशी सकाळी ती स्वयंपाकघरात आजीजवळ जाऊन बसली. आजी पोळ्या लाटीत होती. तिने लिंबाएवढा कणकेचा गोळा नातीच्या हाती दिला. मुलीने त्याची चिमणी केली, डोळ्यांच्या जागी दोन मिरे बसवले, चिमणी मनासारखी होईना म्हणून दोनदा मोडली आणि पुन्हा घडवली. अखेरीस ती तव्यावर भाजली गेली, एक पंख जरा करपला, आणि मिरे काढून, तूपगुळाशी ती पोटात गेली. प्लास्टिकच्या पोळ्या अद्याप पेटीत आहेत.

ही चिमणी आपणांपैकी बहुतेकांच्या लहानपणी होऊन गेली असेल. मुलांच्या हाती घरातलेच साहित्य देऊन त्यांना गुंतवण्याची ही रीत शाळेत कशी गेली, तेथून दुकानात कशी गेली, आणि ती परत अंगणात कोणी आणली, हा इतिहास मनोरंजक आहे, आणि माझ्यासारख्या जुन्या शिक्षकास थोडा बोचणाराही आहे. तोच आज सांगावयाचा आहे.

प्रथम आपल्या घराकडे पाहू. आपल्याकडे मुलांचा खेळ आणि मुलांचा खाऊ ही दोन निराळी खाती कधीच नव्हती. आषाढी अमावास्येला गूळ घालून कणकेचे दिवे करतात. त्यांतला एखादा वाकडा दिवा हटकून लहान हातांचा असतो, आणि वाफवल्यावर तोही इतरांबरोबर तुपात बुडवून खातात. आश्विनात मुली भोंडल्याचा फेर धरतात. मध्ये पाटावर हत्ती, आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखण्याची स्पर्धा. आकाशकंदिलाचा कागद चिकटवायचा तर खळ स्वयंपाकघरातच शिजते. भातुकलीचा तर सारा संसारच चुरमुरे, डाळे, शेंगदाणे आणि गूळ यांवर चालतो. याच्या मुळाशी कोणतेही शिक्षणशास्त्र नव्हते. घरातील बाईचे दोन्ही हात कामात, मूल तर डोळ्यांपुढे हवे. तेव्हा जे हाताशी असेल ते त्याच्यापुढे सरकवायचे, एवढाच तो हिशेब. मुलांचे जेवणही त्याच हिशेबाचे असे: मेतकूट-भात, दहीपोहे, शिळ्या पोळीचा गूळ घालून वळलेला लाडू. हा लाडू तर मूल स्वतःच वळी.

देशावर, जोंधळ्याच्या मुलखात, याहून एक नामी खेळणे होते. जोंधळ्याच्या वाळलेल्या ताटाची साल सोलली की आत पांढरा, हलका भेंड निघतो. सालीच्या कडक काड्या त्या भेंडाच्या तुकड्यांत खोचून मुले बैलगाडी करीत, चष्मा करीत, खाट करीत. ना खिळा, ना गोंद, ना पैसा. ही जोंधळ्याची गाडी श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

आता जरा दूर, जर्मनीत जाऊ. फ्रीड्रिख फ्रबेल याचा जन्म १७८२ सालचा. तो नऊ महिन्यांचा असताना त्याची आई वारली. आईविना वाढलेल्या या मनुष्याने पुढे आपले सारे आयुष्य आई आणि मूल यांच्या खेळाचे निरीक्षण करण्यात घालवले, यात काही नवल नाही. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांसाठी एक संस्था काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’ असे नाव दिले. आपण त्यास बालोद्यान म्हणतो. त्याने मुलांकरिता काही वस्तू ठरवल्या व त्यांस ‘देणग्या’ असे नाव दिले. पहिली देणगी लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची, दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची, त्यापुढे लाकडी ठोकळ्यांच्या. याशिवाय त्याने हातांचे उद्योग नेमले: कागदाच्या घड्या घालणे, कागदाच्या पट्ट्यांचे विणकाम, मातीकाम. त्यांपैकी एक उद्योग तर थेट स्वयंपाकघरातून उचललेला आहे. वाटाणे भिजत घालायचे, मऊ झाले की त्यांत टोकदार काड्या खोचायच्या, आणि त्यांची घरे, मनोरे, पूल उभारायचे. वाटाणा वाळला की सांधा घट्ट होतो.

वाटाण्याच्या जागी भेंड ठेवा, आणि आपली जोंधळ्याची गाडी तयार! फ्रबेलसाहेबांनी जोंधळा पाहिला असेल असे मला वाटत नाही, आणि आमच्या गुराख्यांनी फ्रबेलचे नावही ऐकले नव्हते. दोघांच्या हाताशी जे होते त्यातून एकच युक्ती निघाली, इतकेच.

या वाटाण्यांची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. बकमिन्स्टर फुलर हा अमेरिकन रचनाकार लहानपणी अतिशय अधू दृष्टीचा होता. शाळेत काड्या-वाटाण्यांचे काम दिले तेव्हा इतर मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली चौकोनी घरे बांधली. याला घरे नीट दिसलीच नव्हती. हा चाचपडत गेला, आणि चौकोन हलतो, त्रिकोण मात्र हलत नाही, हे त्याच्या बोटांना कळले. पुढे त्रिकोणांनी जोडलेल्या घुमटांसाठी तो जगभर नावाजला. ही हकीकत त्याने स्वतःच सांगून ठेवली आहे.

असो. प्रशियाच्या सरकारने १८५१ साली या बालोद्यानांवर बंदी घातली. फ्रबेलचा पुतण्या समाजवादी मतांचा लेखक होता, त्याची मते काकाच्या माथी मारली गेली. पुढच्याच वर्षी फ्रबेल वारला. बंदी उठली ती १८६० साली. मात्र बंदीपेक्षाही मोठे विघ्न निराळ्याच वेषाने आले, आणि ते विघ्न आहे हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. बालोद्यानाची कीर्ती पसरली तसे त्याचे सामान कारखान्यांतून निघू लागले. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली या खेळणी करणाऱ्या व्यापाऱ्याने १८७० च्या सुमारास या देणग्या पेट्यांत भरून विकावयास आरंभ केला. त्याची निष्ठा खरी होती, माल चांगला होता. परंतु ज्या वस्तूचा जन्म आईच्या मांडीवर झाला, तिला आता किंमत आणि कुलूप आले.

रोम शहरातील सान लोरेन्झो या गरीब कामकरी वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी डॉक्टर मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. त्यांच्या साहित्याविषयी आपण पुष्कळ ऐकतो. मला त्याहून मोलाचे वाटते ते तेथील जेवण. चार वर्षांची मुले टेबलावर काटे-चमचे मांडीत, पाण्याचे पेले नेत, आणि सूपाचे मोठे भांडे सांभाळून घेऊन इतर मुलांस वाढीत. लुटूपुटूची भांडी नव्हेत, खरी, फुटतील अशी. आईबाप दिवसभर कामावर असलेल्या त्या मुलांना तेथे खेळ आणि घास एकाच छपराखाली मिळाला.

ही विद्या आपल्याकडे आणली ती गुजरातेत गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून त्यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर काढले. आमच्या ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. गिजुभाई १९३९ साली निवर्तले. त्याच वर्षी माँटेसरीबाई स्वतः मद्रासेजवळ अड्यारला आल्या. ताराबाईंनी १९३६ साली मुंबईस दादरला शिशुविहार चालू केला होता. तेथे येत ती पांढरपेशांची मुले. त्यांच्या पोटात सकाळचे दूध असे, अंगावर स्वच्छ कपडे असत. म्हणजे शाळेने करावयाचे अर्धे काम घरानेच केलेले असे.

१९४५ साली ताराबाईंनी शहर सोडले आणि डहाणू तालुक्यात, समुद्रकाठच्या बोर्डी गावी ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीस आल्या. बालविवाह, लगेचच वैधव्य, मग चिकाटीने शिक्षण आणि शिक्षिकेची नोकरी, अशी ही बाई. पुढची सारी हयात तिने या कामास दिली. बोर्डीस पहिला प्रश्न साहित्याचा. शहरातील महागडी पेटी खेडोपाडी परवडणार कोणास? तेव्हा शिंपले, खडे, बिया, पाने, माती, काड्या हेच साहित्य ठरले. मोजावयास चिंचोके, वर्गवारी करण्यास शिंपले, ओवण्यास बिया. सुमारे पाऊणशे वर्षांपूर्वी जे घरातून निघून कारखान्यात गेले होते, ते पुन्हा अंगणात आले.

परंतु दुसरा प्रश्न याहून कठीण होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. ताराबाईंनी त्यांची वाट पाहिली नाही. बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेऊन मांडली. म्हणून ती अंगणवाडी. तेथे आधी तोंड धुणे, नखे कापणे, केस विंचरणे, धडा मागाहून. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली लोकांच्या वस्तीत गेले. मोठी बहीण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी राहते, म्हणून शाळेला येत नाही, हे दिसताच पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली; तिला विकासवाडी म्हटले. मुले गुरांमागे जातात, तर कुरणशाळा काढली. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण आणि अनुताईंना १९८५ साली पद्मश्री मिळाली. पण मला विचाराल तर खरा सन्मान निराळाच. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, आणि तिच्या हजारो केंद्रांना नाव मिळाले ते अंगणवाडी हेच. तेथे मूल गाणी म्हणते, मणी ओवते, आणि त्याच सतरंजीवर खिचडी खाते.

येथे मला एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. भातुकलीत चुरमुरे उधळावयाचे तर डब्यात चुरमुरे असावे लागतात. कणकेचा गोळा खेळावयास मिळतो तो कणीक पुरून उरत असेल त्याच घरी. आपण सुशिक्षित मंडळी ‘घरच्या घरी मुलांसाठी’ असे सहज म्हणतो, तेव्हा हे घर कोणाचे, हे बहुधा विसरतो. सान लोरेन्झोत आणि अंगणवाडीत खेळाशेजारी पानही मांडले गेले. खेळाचा पुरस्कार करणाऱ्या पुष्कळांच्या पुस्तकांत त्या पानाचा उल्लेखही नसतो.

आता बोचणारी गोष्ट. मी १९७८ साली शिक्षक झालो. काही वर्षांनी आमच्या शाळेत शैक्षणिक साहित्याची एक मोठी पेटी आली: रंगीत ठोकळे, आकार, मणी. ती मी कपाटात ठेवली, कुलूप लावले आणि किल्ली खिशात घातली. कारण साधे होते. वस्तू फुटली तर जडसंग्रहाच्या नोंदवहीत तिचा हिशेब मला द्यावा लागला असता. तपासणीस अधिकारी आले की पेटी बाहेर निघे, त्यांची पाठ फिरली की आत जाई. त्याच सुमारास पहिलीतील एका मुलाने जोंधळ्याच्या ताटाची गाडी करून आणली. चाके फिरत होती. वर्गात गलका झाला म्हणून मी ती काढून घेतली आणि उंच खिडकीत ठेवली. सायंकाळी परत द्यावयाची होती, ती विसरलो. दुसऱ्या दिवशी शिपायाने केरात काढली होती. मुलगा काही बोलला नाही. त्याने पुन्हा कधी काही करून आणले नाही. ठोकळ्यांची ती पेटी मी निवृत्त झालो तेव्हा जवळजवळ कोरी होती. नोंदवहीत एकही वस्तू कमी भरली नाही.

जे मला सुचले नाही ते माझ्या अगोदरच इतरांस सुचले होते, हे फार उशिरा समजले. १९७८ सालीच, म्हणजे मी नोकरीस लागलो त्याच वर्षी, अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आय. आय. टी. चे पदवीधर पुण्याच्या कारखान्यातील नोकरीतून रजा घेऊन मध्य प्रदेशातील होशंगाबाद येथे खेड्यांतील शाळांत विज्ञान शिकवण्याच्या कार्यात गेले. तेथे त्यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी घेतली. नळीच्या तुकड्यांत काड्या खोचून त्रिकोण, घन, घरे जोडली. पुढे पुण्यात ‘आयुका’च्या आवारातील बालविज्ञान केंद्रात त्यांनी टाकाऊ वस्तूंतून शेकडो खेळणी करून दाखवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. जर्मनीत वाटाणा, देशावर भेंड, होशंगाबादेस रबरी नळी! ती नळी माझ्या शाळेच्या दारातील सायकलीतही होती.

परवा नातीसाठी मी हा प्रयोग करून पाहिला. जोंधळ्याची ताटे शहरात कोठून आणावी? म्हणून फ्रबेलचाच मार्ग धरला. वाळलेले वाटाणे रात्री भिजत घालावे, सकाळी उपसून तासभर फडक्यावर कोरडे होऊ द्यावे. फार ओले असले तर फुटतात. दात कोरण्याच्या काड्या चालतात, मात्र टोके मोठ्यांनी जरा बोथट करून द्यावी, आणि अगदी लहान मूल असेल तर वाटाणा नाका-तोंडात जाणार नाही इकडे लक्ष ठेवून शेजारी बसावे. तिने आधी चौकोन केला, तो लडबडला. मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने त्यात एक तिरपी काडी बसवली आणि माझ्याकडे पाहिले. वाटीभर वाटाणे उरले होते, त्यांची तिच्या आजीने रात्री उसळ केली.