माडावरचा कर आणि पेल्यातला भाव

गावठी स्वस्त आणि विलायती महाग, हा गोव्यातला जुना हिशेब गेल्या काही वर्षांत पार विसकटला आहे. आता इथेच, आपल्या गावच्या वेशीवर, छोट्या छोट्या भट्ट्यांतून 'क्राफ्ट बियर' निघते आणि तिच्या एका पेल्याला जो भाव पडतो तो ऐकून जुना गोंयकार आधी हसतो आणि मग गप्प होतो. तक्रार करणारे तरुणच असतात. त्यांचे म्हणणे असे की इथल्या इथे तयार होणारी वस्तू एवढी महाग का?

प्रश्न रास्त आहे, पण 'इथल्या इथे' हे शब्द जरा तपासून घ्यावे लागतील. बियरला लागते ते जव. ते गोव्यात पिकत नाही, राजस्थान-उत्तर प्रदेशाकडून माल्ट होऊन येते. कडवटपणासाठी लागणारी हॉप्सची फुले बहुतेक समुद्रापलीकडून. यीस्ट बाहेरचे. थंड ठेवायला रात्रंदिवस वीज. गोव्याचे म्हणावे ते पाणी, आणि हौस म्हणून घातलेले कोकम किंवा नारळ. घाणही लहान, त्यामुळे मोठ्या कारखान्यासारखा खर्च बाटल्याबाटल्यांत वाटला जात नाही. आणि या सगळ्यावर अबकारी. म्हणजे पेला इथला असला तरी त्यातला भाव बाहेरून येतो.

फेणीचे उलट आहे. तिचे सगळे इथलेच: माड इथला, काजू (मूळचा ब्राझीलचा, पण साडेचारशे वर्षांत आपलाच झालेला) इथला, भाण, लाकूड, माणूस, सगळे गावातले. तरी तीही महाग होत गेली. ती का, हे समजायला इतिहासात थोडे मागे, बरोबर १८७८ सालापर्यंत जावे लागते.

अबकारी हा शब्द फारसी. 'आब' म्हणजे पाणी. मुंबई सरकारने १८७८ साली अबकारीचा नवा कायदा केला. सूर काढायची तर झाडागणिक कर, गाळायची तर परवाना, आणि गाळण्याच्या जागा सरकारच्या नजरेखाली. कमी पिणे आणि जास्त महसूल, असे हे धोरण सांगितले जाई. त्यातला दुसरा भाग जास्त जोमाने पाळला गेला, हे ठाणे-कुलाब्याच्या भंडारी-आदिवासींना विचारावे. पण या धोरणाला एक भोक होते. त्याचे नाव गोवा. इथली सूर आणि मीठ स्वस्त, सीमा जंगलातली, घाट उतरायला रात्र पुरे. मुंबई सरकारने आपल्याकडे भाव चढवला की माल गोव्यातून सरकणारच.

म्हणून २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये अँग्लो-पोर्तुगीज करार झाला. ब्रिटिशांतर्फे रॉबर्ट मोरियर आणि पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री आंद्रादे कोर्व्हो यांनी तो घडवला. १८८० च्या जानेवारीत तो अमलात आला, मुदत बारा वर्षे. दोन्ही प्रदेशांत एकच जकात. मिठाचा मक्ता ब्रिटिशांकडे. मुंबई इलाख्याची अबकारी पद्धत गोव्यात लागू. बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये, शिवाय मुरगावचे बंदर आणि तिथून घाटापर्यंतचा लोहमार्ग. आपल्या शाळेच्या पुस्तकांत हा करार रेल्वेचा करार म्हणून येतो. रेल्वे दिसते, शिटी मारते, म्हणून ती लक्षात राहिली. माडावर चढणारा माणूस वर होता म्हणून तो कुणाच्या नजरेत आला नाही, एवढेच.

त्या माणसाचे काम काय होते ते आता सांगूनच समजेल अशी वेळ आली आहे. रेंदेर (हा शब्द पोर्तुगीज 'रेंदेइरो', म्हणजे खंडकरी, यावरून आला असे मानतात) किंवा हिंदू असला तर भंडारी, कमरेला काती आणि दुदिणें लावून माडावर चढतो. न फुललेली पोय बांधून, ठोकून, तिचे टोक तासून तिखाली मडके अडकवतो. दिवसातून दोनतीनदा चढउतार, पावसातसुद्धा. ज्या माडाची सूर काढली त्याला नारळ धरत नाही, कारण ज्या पोयीतून नारळ यायचा तीच कापलेली. म्हणून भाटकाराला माडामागे खंड द्यावा लागतो. म्हणजे बाजारात नारळ चढला की भाटकाराला सुरेपेक्षा नारळ बरा वाटतो आणि खंडही चढतो. या साखळीत १८८० पासून आणखी एक कडी आली: सरकारचा झाडावरचा कर. सूर निघो न निघो, झाड मोजले जाणार.

आणि सूर म्हणजे काही केवळ दारू नव्हे. पदेराचा पाव तिच्यावर फुगे, सणासुदीचे सान्न तिच्यावर, व्हिनेगर तिचे, काळा गूळ तिचा. मुंबईच्या कायद्याला हे ठाऊक असायचे कारण नव्हते, पण पोर्तुगीज सरकारला ठाऊक असायला हवे होते. चार लाखांपुढे ते विसरले असे मला वाटते. मिठागरांची कहाणी याच्याहून वाईट, पण ती वेगळ्या लेखाची.

१८९२ साली मुदत संपली आणि करार पुन्हा झाला नाही. नाके परत उभे राहिले. पण परवाना आणि कर यांची गोडी एकदा सरकारला लागली की ती करारासोबत जात नसते. अबकारी राहिली ती राहिलीच.

पुढची गंमत अशी की जी सीमा १८७८ साली मुंबईला डाचत होती ती पुढेही डाचत राहिली. १९४९ च्या कायद्याने मुंबई राज्यात दारूबंदी पक्की झाली तेव्हा इकडे गोव्यात फेणी उघड गाळली जात होती आणि पोर्तुगालहून येणारी विलायती बाटलीही परवडत होती. मुक्तीनंतर १९६४ साली इथला अबकारी कर कायदा झाला. दारूवरचा कर राज्याच्याच हातात. जीएसटी आला तरी त्याने दारूला हात लावलेला नाही. म्हणून आजही पत्रादेवी ओलांडली की भाव बदलतो. २०२५ च्या जूनमध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचा कर उत्पादनखर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केला. कर्नाटकाने २०२३ मध्ये बियरवरचा कर १७५ टक्क्यांवरून १८५ टक्क्यांवर नेला. सावंतवाडीच्या किंवा बेळगावच्या माणसाला गोव्याची बियर स्वस्तच वाटते. महाग वाटते ती आपल्याला, कारण आपण तिची तुलना शेजाऱ्याशी न करता कालच्या भावाशी करतो.

फेणीला मात्र या दरीचा फारसा फायदा मिळाला नाही. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला, २०१६ साली कायद्यात दुरुस्ती करून तिला वारशाचा दर्जा दिला, २०२१ साली फेणी धोरण आले. सुरेख बाटल्या निघाल्या, त्यांचे भाव शहरी हॉटेलांत चांगले लागतात. पण काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चपासून मेपर्यंतच. डोंगर लिलावाने घ्यायचे, बोंडू वेचायला माणसे मिळवायची, आणि अवकाळी पाऊस आला की मोहोर गेला. कोळंबीत बोंडू मळायला आज किती जण तयार आहेत? उर्राक महागला की आपण दुकानदाराला बोलतो.

माडाच्या फेणीचे तर आणखी कठीण. तिला हंगामाची अडचण नाही, चढणाऱ्याची आहे. रेंदेराचा मुलगा बोटीवर गेला, आखातात गेला, नाहीतर पंचायतीत नोकरीला लागला, आणि बापाने त्याला तसेच सांगितले होते. माझ्या वाड्यावर आता सान्न यीस्टने फुगतात. चवीत फरक आहे, पण तो फक्त म्हाताऱ्यांना कळतो. व्हिनेगर दुकानातून येते, बाटलीवर 'सिंथेटिक' असे बारीक अक्षरात लिहिलेले असते.