आकाशावरील पाळीचा पहारा

१९२९ साली जर्मनीतील झोनेबर्ग वेधशाळेच्या कूनो हॉफमायस्टर यांना सरठ तारकासमूहात एक ठिपका कमीअधिक तेजाने चमकताना आढळला. रूपविकारी तारा म्हणून त्याची नोंद झाली व ‘बी. एल. लॅसर्टी’ हे नाव त्यास मिळाले.

१९६८ साली जॉन श्मिट यांनी दाखवून दिले की, त्याच जागेवरून रेडिओलहरीही येत आहेत. पाठोपाठ त्याच्या प्रकाशाचे ध्रुवीकरण आढळले. ताणलेली दोरी वरखाली हलविता येते, तशी आडवीही. सामान्य ताऱ्याच्या प्रकाशलहरी अशा सर्व दिशांनी हलत असतात. येथे एकाच दिशेचा वरचष्मा होता. चुंबकीय क्षेत्रात गिरक्या घेणाऱ्या अतिवेगवान इलेक्ट्रॉनांची ही खूण. १९७४ मध्ये अंतराचाही उलगडा झाला: सुमारे ९० कोटी प्रकाशवर्षे! तो तारा नव्हताच. दूरच्या दीर्घिकेतील प्रचंड कृष्णविवराजवळून निघून जवळजवळ आपल्यावरच रोखलेला तो झोत होता. अशा वस्तूंना एडवर्ड स्पीगल यांनी १९७८ साली ‘ब्लेझार’ हे नाव दिले.

ब्लेझार भडकला की त्याचे तेज काही तासांतच पालटते. पण सूर्य उगवला की वेधशाळेचे काम थांबते. मग पहारा द्यावयाचा कोणी? यासाठी १९९७ साली ‘होल अर्थ ब्लेझार टेलिस्कोप’ उभी राहिली. नाव दुर्बिणीचे, पण ही एक दुर्बीण नव्हे. देशोदेशीच्या वेधशाळांची आणि हौशी निरीक्षकांचीही ती एकजूट आहे. गिरणीत एक पाळी सुटे तेव्हा दुसरी साच्यावर उभी राही. तसे एका देशात उजाडले की त्याच्या पश्चिमेचा देश पहारा हाती घेतो.

२०२० साली बी. एल. लॅसर्टी भडकला तेव्हा या एकजुटीची कसोटी लागली. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्याच्या प्रकाशात, ध्रुवीकरणात आणि ‘फर्मी’ उपग्रहाने टिपलेल्या गॅमा किरणांत सुमारे १३ तासांची एकच लय होती. झोतातील पिळदार चुंबकीय क्षेत्रास बाक येऊन ती उपजली असावी, असे संशोधक मानतात.

आता हिशेब पाहा. लय १३ तासांची; एका गावची काळोखी रात्र बहुधा त्याहून तोकडी. एकटी वेधशाळा, कितीही मोठी असली तरी, हे आवर्तन सलग पाहू शकली नसती. महाकाय दुर्बिणींच्या काळात लहान वेधशाळा कशाला हव्यात, असे विचारणाऱ्यांस हेच उत्तर पुरेसे आहे.