दसऱ्याचे दहा दिवस आणि अकरावा दिवस

घरापासून दूर राहणाऱ्या मराठी माणसाला परमुलखातील रस्त्याच्या पाटीवर ओळखीचे नाव दिसले की तो क्षणभर थबकतो. म्हैसूरमध्ये माझे तसेच झाले. मंडी मोहल्ल्यालगतच्या हमरस्त्याचे नाव आहे सयाजीराव रोड. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांची ही आठवण. विजयादशमीला सोन्याची अंबारी घेतलेला हत्ती राजवाड्यातून निघतो आणि याच रस्त्याने बन्नीमंटपाकडे जातो. वर्षातील तो एक दिवस सोडला तर हा भाग घाऊक व्यापाऱ्यांचा, हमालांचा आणि सामान लादलेल्या टेम्पोंचा.

काही वर्षांपूर्वी कार्यालयीन कामासाठी मी ऐन दसऱ्यात तेथे होतो. मंडी मोहल्ल्यातील एका दुकानात थोडा सुका मेवा घेतला आणि पैसे देण्यासाठी भ्रमणध्वनी पुढे केला. पडद्यावरचे चक्र फिरत राहिले. पैसे काही जाईनात. दुकानदार शांतपणे दख्खनी हिंदीत म्हणाले ते असे: "साहेब, दसऱ्यात हे असेच चालते. सगळे नेटवर्क मैदानाकडे पळते. रोख असतील तर द्या, नसतील तर उद्या द्या." त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला, पण त्यांचे वाक्य माझ्या मनातून गेले नाही. मैदानाकडे पळालेले जाळे दसरा संपल्यावर मोहल्ल्यात परत येते का?

ते मैदान म्हणजे दोड्डकेरे. कन्नडमध्ये या नावाचा अर्थ मोठे तळे. राजवाड्याच्या पूर्वेकडील या विस्तीर्ण जागेत दसऱ्याचे प्रदर्शन भरते. प्रदर्शनाची प्रथा १८८० साली दहावे चामराज वडियार यांच्या काळात सुरू झाली. आज ते काम राज्य सरकारच्या एका प्राधिकरणाकडे आहे. दालने, खाऊगल्ल्या, नाटक-संगीताचे कार्यक्रम असा तो सार्वजनिक संसार असतो. अशा संकुलाला आज विजेइतकीच वेगवान इंटरनेटची गरज असते. तिकिटे, देयके, सुरक्षेचे कॅमेरे, कार्यक्रमांचे थेट प्रक्षेपण या सर्वांचा भार एकाच संध्याकाळी येतो.

येथे थोडे तांत्रिक विवेचन आवश्यक आहे. घरगुती जोडणीत बहुधा माहिती 'उतरवून घेण्याचा' वेग मोठा असतो आणि 'पाठविण्याचा' लहान. रंगमंचाची गरज नेमकी उलटी. १९८९ साली ब. व. कारंतांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या म्हैसूरच्या रंगायनसारख्या संस्थेला एखादा प्रयोग दूरदेशीच्या प्रेक्षकांना थेट दाखवायचा असेल, तर पाठविण्याचा वेग हवा. दुसरी गोष्ट गर्दीची. हजार माणसे एका सभागृहात बसली की बाहेरून कितीही मोठी जोडणी आणली तरी वाय-फाय अडखळते, कारण हवेतील वाहिन्या मोजक्याच असतात. त्यासाठी प्रसारणाचे लहान लहान बिंदू विचारपूर्वक वाटून बसवावे लागतात. तिसरी गोष्ट आम्हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या जिव्हाळ्याची. काचतंतूची केबल टाकताना खर्चाचा मोठा हिस्सा काचेचा नसतो, खोदाईचा असतो. एकदा नळी जमिनीत गेली आणि तिच्यात काही तंतू राखून ठेवले, की पुढे क्षमता वाढविण्यासाठी दोन्ही टोकांची यंत्रे बदलली तरी पुष्कळदा पुरते. रस्ता पुन्हा फोडावा लागत नाही. म्हणजे 'नूतनीकरण' सोपे की कठीण, हे पहिल्या खोदाईच्या दिवशीच ठरलेले असते.

उत्सवासाठी आणलेली तार शेजाऱ्याच्या कामी कशी यावी, हा प्रश्न या शहराच्या इतिहासाला नवा नाही. विजेच्या बाबतीत तो शतकापूर्वीच उभा राहिला होता.

कावेरीवरील शिवनसमुद्र येथे म्हैसूर संस्थानाने जलविद्युत केंद्र उभारले आणि १९०२ च्या जूनमध्ये तेथून सुमारे ९२ मैलांवरील कोलारच्या सोन्याच्या खाणींना वीज पोचविली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज नेणे हे जगातही अपूर्वाईचे होते. राजधानी म्हैसूर केंद्राला कितीतरी जवळ, परंतु वीज प्रथम गेली ती खाणींकडे. कारण करार करून नियमित पैसे देणारा ग्राहक तेथे होता. १९०५ मध्ये बंगळूरला वीज मिळाली आणि म्हैसूर शहराला १९०८ मध्ये. आज राजवाडा जवळपास लाखभर दिव्यांनी उजळतो, तेव्हा हा क्रम कोणाला आठवत नाही.

मराठी वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. १९०८ साली म्हैसूरचे दिवाण होते व्ही. पी. माधवराव, कुंभकोणमला जन्मलेले, तंजावरच्या मराठी परंपरेतील गृहस्थ. पुढे ते बडोद्याचेही दिवाण झाले. त्यांच्यानंतर म्हैसूरला आले टी. आनंदराव. त्यांचे वडील राजा सर टी. माधवराव हे सयाजीरावांच्या बालपणी बडोद्याचा कारभार पाहत होते. आनंदरावांच्या नंतरचे दिवाण विश्वेश्वरय्या. त्यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीची उमेदीची वर्षे मुंबई इलाख्यात गेली. रस्त्याच्या पाटीवरचे सयाजीरावांचे नाव मला म्हणूनच एकाकी वाटत नाही. आपली माणसे परमुलखात केवळ पोटासाठी गेली असे नव्हे. तेथील कारभार त्यांनी आपला मानून केला.

परंतु माझा मुद्दा आडनावांचा नाही, मालकीचा आहे. कोलारची वीज खाण कंपन्यांनी विकत घेतली, मात्र केंद्र आणि तारा संस्थानाच्या राहिल्या. खाणींच्या पैशाने योजना पायावर उभी राहिली आणि मालकी हाती असल्यामुळे त्याच केंद्रातून पुढे शहरांना दिवे देता आले. हीच योजना खाण कंपन्यांच्या मालकीची असती, तर खाणीचे कुंपण ओलांडून वीज बाहेर येण्याचे कारणच उरले नसते. मोठा ग्राहक वाट उघडतो हे खरे. ती वाट नंतर कोणाकोणाला खुली राहील, हे मात्र करारपत्र ठरविते.

आकाशवाणीची कथाही याच जातीची. म्हैसूरचे मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या घरातून एक लहानसे रेडिओ केंद्र चालू केले. 'आकाशवाणी' हे नाव त्याच केंद्राचे. देशाच्या नभोवाणीने ते पुढे स्वीकारले. एका प्राध्यापकाच्या पदरमोडीवर असे केंद्र किती काळ चालणार? १९४० च्या दशकात संस्थानाने ते आपल्याकडे घेतले, आणि एका घरातला उपक्रम सार्वजनिक सेवा झाला.

आता माझी स्वतःची कबुली. नोकरीत एकदा एका सार्वजनिक कलासंकुलाच्या इंटरनेट नूतनीकरणाची फाईल माझ्यापुढे आली होती. शहराचे नाव सांगण्याचे कारण नाही. दोन पर्याय होते. पहिला, महोत्सवापुरती भाड्याची तात्पुरती जोडणी. दुसरा, कायमची नळी, राखीव तंतू, आणि वाटेतील वाचनालय, शाळा व बाजार यांना त्यातून जोडणी देण्याची अट. दुसरा महाग दिसत होता आणि महोत्सव तोंडावर आला होता. मी पहिल्यावर सही केली. महोत्सव निर्विघ्न पार पडला, अभिनंदनाचे पत्रही आले. अकराव्या दिवशी तारा गुंडाळून नेल्या. पुढल्या वर्षी तीच फाईल, तेच भाडे, तीच सही. अर्थशास्त्र शिकलेल्या माणसाला आवर्ती खर्च आणि भांडवली खर्च यांतला भेद कळत नव्हता असे नाही. पण आर्थिक वर्षाच्या चौकटीत आवर्ती खर्च निरुपद्रवी दिसतो, आणि भांडवली खर्चाला उत्तरे द्यावी लागतात. मंडी मोहल्ल्यातील त्या दुकानात उभा असताना मला त्या सहीची आठवण झाली.

धोरणांच्या दृष्टीने पाहिले तर आपण बरेच पुढे आलो आहोत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी सामान्य नागरिकांसाठी इंटरनेट सुरू झाले. २०१० मध्ये विद्यापीठे व संशोधनसंस्थांसाठी राष्ट्रीय ज्ञानजाळ्याला, आणि २०११ मध्ये ग्रामपंचायतींसाठी आज भारतनेट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या योजनेला मंजुरी मिळाली. केबलच्या मार्गहक्काचे नियम २०१६ मध्ये आले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानुसार केलेले नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले. खोदण्यापूर्वी विचारणा करण्याचे सरकारी ॲपही २०२३ पासून आहे. तरीही एक पोकळी राहते. धनिक वसाहती आणि तंत्रज्ञान कंपन्यांची संकुले बाजार सांभाळतो. खेडी आणि विद्यापीठे यांच्यासाठी सरकारी योजना आहेत. मधल्यामध्ये जुन्या पेठा आणि सार्वजनिक कलागृहे कोणाच्याच यादीत ठळकपणे येत नाहीत. त्यातच जुन्या पेठांत वारंवार खोदणे धोक्याचे. म्हैसूरची लॅन्सडाऊन इमारत २०१२ मध्ये अंशतः कोसळून माणसे दगावली. देवराज मार्केटचा एक भाग २०१६ मध्ये ढासळला. खोदाई हे त्यांचे कारण होते असे मी म्हणत नाही. मात्र जेथे भिंती इतक्या थकलेल्या आहेत, तेथे खोदायचे ते एकदाच आणि सर्वांसाठी, एवढे शहाणपण तरी हवे.

उत्सव आपल्याकडेही कमी नाहीत. नाशिक-त्र्यंबकेश्वरला बारा वर्षांनी सिंहस्थ येतो, पंढरपूरला दरवर्षी आषाढी येते. तेथेही गर्दीपुरते मनोरे उभे राहतात आणि गर्दीबरोबर निघून जातात. अशा प्रत्येक फाईलवर सही करण्यापूर्वी अधिकाऱ्याने एकच प्रश्न लिहून ठेवावा: अकराव्या दिवशी ही तार कोणाची? त्याचे उत्तर टिपणीत नसेल, तर फाईल परत पाठवावी. मी ती पाठविली नाही.

त्या दुकानदाराचे पैसे दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन रोख दिले. त्यांनी ते न मोजता गल्ल्यात टाकले.