घेणाऱ्याच्या बाजूचा माणूस

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली, तेव्हा प्रश्न घराचा नव्हता, साखर-तेलाचा होता. टंचाई, भेसळ आणि काळाबाजार यांचे ते दिवस. पुढच्या वर्षी गुढीपाडव्याला मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. संगीतकार सुधीर फडकेही या चळवळीत होते. पद्धत अगदी साधी. शेजारपाजारच्या कुटुंबांनी संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, ठोक भावाने आलेला माल आपसांत वाटून घ्यायचा. कुठला तांदूळ घ्यायचा हे ठरवणारी माणसे तोच तांदूळ घरी शिजवणारी. विकणाऱ्याशी त्यांचे काही लागेबांधे नाहीत. पुढच्या सगळ्या वाटचालीचे मूळ मला इथेच दिसते.

घराच्या बाजारात मात्र असा माणूस सापडणे कठीण. नव्या इमारतीत एजंटाची दलाली बिल्डर देतो. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात ती बहुधा दोन्हीकडून घेतली जाते. फ्लॅट दाखवायला गाडीत बसवून नेणारा, चहा पाजणारा, ‘साहेब, आजच टोकन द्या, उद्या भाव वाढेल’ म्हणणारा हा गृहस्थ आपला वाटतो, पण त्याचे पोट समोरच्याच्या सौद्यावर असते. अमेरिकेत फक्त घेणाऱ्यांचीच बाजू घेणाऱ्या एजंटांची राष्ट्रीय संघटना १९९५ मध्ये झाली. तिथे ऑगस्ट २०२४पासून बहुतेक एजंटांना घर दाखवण्याआधीच ग्राहकाशी लेखी करार करून आपला मोबदला ठरवावा लागतो. आपल्याकडे असा वेगळा धंदा रुजला नाही. त्याची जागा थोडीफार भरली ती बिनपगारी कार्यकर्त्यांनी.

कायद्याची साथ सावकाश आली. फ्लॅटधारकांसाठी राज्याचा मोफा कायदा १९६३चा, पण दाद मागायची तर दिवाणी किंवा फौजदारी कोर्टाची पायरी. १९८६च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मंच दिले. घरबांधणी हीसुद्धा ‘सेवा’च, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितले, आणि रखडलेल्या ताब्याच्या तक्रारींना ग्राहक मंचाचा रस्ता पक्का झाला. मग स्थावर मालमत्ता क्षेत्रासाठी २०१६चा रेरा कायदा आणि २०१७पासून त्याचे राज्यातले प्राधिकरण, महारेरा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घ्यायची नाही, ग्राहकांच्या पैशातला सत्तर टक्के भाग वेगळ्या खात्यात ठेवायचा, एजंटानेही नोंदणी करायची. या कायद्यातल्या कलम ३२मध्ये तक्रारी सामोपचाराने मिटवण्याची एक ओळ आहे. मुंबई ग्राहक पंचायतीने ती कागदावर राहू दिली नाही.

२०१८मध्ये महारेराचा सलोखा मंच मुंबई-पुण्यात सुरू झाला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. एका टेबलाशी दोन सलोखाकार बसतात, एक ग्राहक संघटनेचा आणि दुसरा बिल्डरांच्या संघटनेचा. समोर घर घेणारा आणि बिल्डर. उच्चासन नाही, काळा कोट नाही. ताबा कधी, उशिराचे व्याज किती, पार्किंगचे काय, असे मुद्दे एकेक करून निघतात. जमले तर अटी लिहून सह्या होतात. नाही जमले तर महारेराकडे तक्रारीचा रस्ता मोकळाच असतो. बिल्डरच्या धंद्यातलाच माणूस ‘हे तुम्हाला द्यावे लागेल’ म्हणतो, तेव्हा बिल्डरही ऐकतो. ही युक्ती मला न्यायालयाहून शहाणी वाटते.

पण हा सगळा इलाज दुखणे झाल्यावरचा. सही करण्याआधी, इसार देण्याआधी कानात सांगणारा कोण? महारेराने २०२३मध्ये एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक ‘पी’ने आणि एजंटाचा ‘ए’ने सुरू होतो, दोन्ही संकेतस्थळावर तपासता येतात. एजंट आता शिकलेला असेल, पण दलाली देणारा हात बदललेला नाही.

सही करण्याआधी सांगणारा कोण, हा प्रश्न पुणे जिल्ह्यातल्या आहुप्यात दोन्ही अंगांनी येतो. डिंभे धरणाच्या पाण्याकडेने पश्चिमेला गेले की हे गाव लागते. वस्ती मुख्यतः महादेव कोळ्यांची, उत्पन्न भाताचे आणि हिरड्याचे. मंचर-चाकण-भोसरीला नोकरीला गेलेले या पट्ट्यातले पोरगे कर्ज काढून फ्लॅट घेते. त्याला चटई क्षेत्र आणि बिल्टअप यांतला फरक, भोगवटा प्रमाणपत्र, इंडेक्स टू हे कोणी समजावत नाही. घरात आधी कोणी फ्लॅट घेतलेला नसतो. त्याच्यासाठी ग्राहक संघटनेचा कार्यकर्ता हाच काय तो फुकटचा सल्लागार, आणि तो बसतो पुण्यात.

दुसरे अंग उलटे आहे. कड्यावरून गोरखगड-मच्छिंद्रगडाचे सुळके बघून शहरातल्या पाहुण्याला इथेच चार गुंठे हवेसे वाटतात. अशा वेळी खरोखर घेणाऱ्याच्या बाजूचा एजंट असता, तर त्याने आधी सातबारा काढून खातेदार कोण ते पाहिले असते. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला विकायला जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते, त्यावर शासनाची मान्यताही. हे कलम लागू झाले जुलै १९७४मध्ये. योगायोगाने ग्राहक पंचायतीचेच वर्ष. परवानगीवाचून झालेला व्यवहार टिकत नाही आणि जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते. शिवाय शेतजमीन घ्यायला मुळात शेतकरी असावे लागते. म्हणजे एजंटाचा प्रामाणिक सल्ला एकच निघतो, ‘घेऊ नका’, आणि या सल्ल्यावर दलाली मिळत नाही.

अशा जमिनीचा इसार बुडाला तर सलोखा मंचाचे टेबलही कामाचे नाही, कारण तिथे महारेराकडे नोंदलेल्या प्रकल्पांचेच वाद येतात. त्या पाहुण्याने घोडेगावच्या तहसील कचेरीत इसारापूर्वी एकदा जायला हवे होते. सातबाऱ्याच्या उताऱ्याला किरकोळ शुल्क पडते.