काळी मेंढी, काळी घोंगडी आणि आपला बिरोबा

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार ग्रामस्थांच्या, माहेरवाशिणींच्या आणि पोटापाण्यासाठी मुंबई-पुण्यास गेलेल्या मंडळींच्या हातभाराने पूर्ण झाला, ही श्रींचीच कृपा होय. या स्मरणिकेत देणगीदारांची नावे रकमेसह छापलेली आहेत. परंतु या देवस्थानचा सर्वांत जुना देणगीदार त्या यादीत नाही, कारण त्याच्या नावाने पावती कधी फाडलीच गेली नाही. तो देणगीदार म्हणजे मेंढरांचा कळप होय. देव या माळावर आला तो मेंढरांमागून, आणि गाव वसले ते देवाच्या भोवती. म्हणून देवाचा इतिहास लिहावयाचा तर मेंढराचाही लिहिला पाहिजे.

आपल्या माणदेशात पाऊस बेताचा, सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास. तोही कधी वेळेवर तर कधी नाहीच. अशा मुलखात केवळ नांगरावर माणूस जगत नाही, हे फार पूर्वीच लोकांनी ओळखले होते. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून सुमारे पंधरा वर्षे उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती सापडली, आणि गुराढोरांबरोबर शेळ्यामेंढ्यांची हाडेही मिळाली. डॉ. म. के. ढवळीकर यांनी त्यावरून असे प्रतिपादन केले की, पुढे हवा कोरडी होत गेली, शेती पिकेना, तेव्हा तेथील माणसे शेळ्यामेंढ्यांच्या पाठीमागे फिरू लागली. दुष्काळात मेंढरू माणसाला तारते हा आपला अनुभव इतका जुना आहे.

जेथे मेंढरू, तेथे त्याचा देव. जर्मनीतील हायडेलबर्ग विद्यापीठाचे पंडित डॉ. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या वाड्यांवर राहून, त्यांच्या ओव्या ऐकून बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा या दैवतांवर १९७६ साली मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. रानातला, वारुळापाशी प्रकटलेला देव कळपाबरोबर येतो आणि हळूहळू गावचा होतो, ही वाट त्यांनी उलगडून दाखविली. खंडोबाच्या कथेतही हेच आहे. मल्हारी मार्तंड बाणाईसाठी चंदनपुरीस धनगराच्या घरी चाकर म्हणून राहिला आणि मेंढरे राखू लागला, मेंढरे धुऊ लागला, अशी आख्यायिका आहे. लोकर कातरण्यापूर्वी मेंढरे नदीवर नेऊन धुवावी लागतात, हा धंद्यातला रोजचा भाग कथेने देवाच्या हातून करविला. कोल्हापूर जिल्ह्यात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत आजही भंडाऱ्याबरोबर लोकर उधळली जाते. लोकर हे तेथे विकावयाचे वाण नसून देवाला वाहावयाचे धन आहे.

आता या मेंढीची ओळख करून घेऊ. आपल्याकडील मूळ मेंढी ती दख्खनी. महाराष्ट्र, कर्नाटक व तेलंगण या पठारी मुलखात ती पसरलेली आहे. रंग बहुधा काळा किंवा काळा-पांढरा, बांधा लहान, पाय काटक. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी असे तिचे चार पोटप्रकार अभ्यासकांनी नोंदविले आहेत. तिच्या अंगावरून वर्षाला दोन कातरण्या मिळून जेमतेम अर्धा-पाऊण किलो लोकर निघते. परदेशी मेरिनो मेंढीचा लोकरतंतू सुमारे २० मायक्रॉन जाडीचा, तर दख्खनीचा त्याच्या दुपटीहून जाड. शिवाय पुष्कळशा तंतूंच्या गाभ्यात पोकळी असते. म्हणून ही लोकर 'जाडीभरडी' ठरली आणि बाजाराच्या तराजूत दख्खनी मेंढी कमी प्रतीची मानली गेली.

पण वस्तूची प्रत ती कशासाठी हवी यावर ठरते. पावसात गुराख्याच्या डोक्यावर खोळ करून घ्यावयाची, रात्री माळावर अंथरावयाची, थंडीत पांघरावयाची, तर मऊ लोकर काय कामाची? आपली घोंगडी खरखरीत असते म्हणूनच टिकते. पावसाचे थेंब तिच्या केसाळ अंगावरून ओघळतात, आणि लोकरीचा तंतू आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेऊनही अंगाला गारठा लागू देत नाही. रंग मुळातच काळा, म्हणून रंगाऱ्याचा खर्च नाही.

या घोंगडीमागे मोठी मेहनत असते. एका घोंगडीला चार-पाच मेंढ्यांची वर्षाची लोकर सहज लागते. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी सर्वांत मऊ आणि मोलाची. कातरलेली लोकर निवडावयाची, पिंजावयाची, मग बायकांनी सूत कातावयाचे, आणि सनगर किंवा खुटेकर धनगर विणकराने मागावर पट्टी विणावयाची. त्यानंतर चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून केलेली खळ कुंच्याने घोंगडीला द्यावयाची आणि ती उन्हात ताणून वाळवावयाची. मेंढका, कातणारी बाई, विणकर, एवढेच नव्हे तर बांधावरचे चिंचेचे झाडसुद्धा या एका वस्तूत गुंतलेले होते. लग्नात, जागरात, देवाच्या गादीला घोंगडी लागे. घोंगडीवर बसून दिलेला शब्द मोडू नये असा संकेत होता.

मेंढराचे दुसरे देणे शेताला आहे. दिवाळी झाली की बिऱ्हाड घोड्यांवर लादून, कुत्री बरोबर घेऊन वाडे चाऱ्याच्या शोधात निघत. कोणी घाट उतरून कोकणात, कोणी नदीकाठच्या मुलखात. पावसाळ्याच्या तोंडाशी ते परत माळावर येत. वाटेत शेतकरी त्यांना बोलावून आपल्या रानात मेंढरे बसवीत. वाघर लावून रात्रभर कळप कोंडला म्हणजे लेंड्या आणि मूत्र जमिनीतच मुरे. गाडीभाड्यावाचून खत जागेवर पोचे. मोबदल्यात मेंढक्याला धान्य मिळे. मेंढरे बसविण्याची ही रीत आजही अनेक ठिकाणी चालू आहे आणि जाणता शेतकरी तिची वाट पाहतो.

स्वातंत्र्यानंतर शासनाने मेंढीसुधारणेकडे लक्ष दिले. १९६२ साली राजस्थानात अविकानगर येथे केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्था निघाली. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठात दख्खनी मेंढीचा मेरिनो व डॉर्सेट या परदेशी जातींशी संकर करून पाहण्यात आला. १९७८ साली मेंढी विकास महामंडळ पुण्यास स्थापन झाले. पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव मिळाले. दहिवडी, महूद, रांजणी येथील त्याची प्रक्षेत्रे आपल्याच भागातली आहेत. या कामाचे मोल कमी लेखू नये. परंतु मऊ लोकरीच्या जनावराला चारा भरपूर लागतो, आपल्या माळावरची कुसळे त्याच्या अंगात रुततात, आणि रोज कोसच्या कोस चालणे त्याला मानवत नाही. शिवाय घोंगडीच्या विणकराला हवी होती ती काळी आणि राठ लोकर. त्यामुळे लोकरीसाठी केलेला संकर वाड्यावर फारसा रुजला नाही.

याउलट फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने निराळा विचार केला. बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली स्थापन केलेल्या या संस्थेने १९९० च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातील गरोळ नावाची चिमुकली मेंढी आणली. तिला बहुधा जुळी होतात आणि हा गुण एकाच जनुकामुळे येतो. तो जनुक दख्खनी मेंढीत उतरवून डॉ. चंदा निंबकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार केली. मूळची काटक मेंढी तशीच ठेवून तिच्यात हवा तो एकच गुण घालावा, ही या कामातली दृष्टी. जुन्या मंदिराचा गाभारा न हलविता शिखर नवे बांधावे, तसेच हे झाले.

कळपाच्या आरोग्याविषयीही चार शब्द लिहिणे अगत्याचे वाटते, कारण या स्मरणिकेचे वाचक अजून मेंढरे राखतात. आपल्या वाडवडिलांचे काही नियम आजच्या शास्त्राने खरे ठरविले आहेत. दव वाळल्याखेरीज मेंढरे चरावयास सोडू नयेत, असे ते म्हणत. ओल्या गवताच्या शेंड्यावर जंतांची पिल्ले चढलेली असतात, हे आता कळले आहे. तळ्याच्या दलदलीत चारू नये, कारण तेथील गोगलगायींमधून काळजात पर्णकृमी जातात. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर कळप एकदम सोडला तर अंगाने सर्वांत चांगली कोकरेच पटापट मरतात. जुनी माणसे याला करणी समजत. तो आंत्रविषार होय. पोटातले जंतू अचानक वाढून विष करतात. त्याची लस मृगापूर्वीच टोचून घ्यावी. त्याचबरोबर घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत व देवी यांच्या लसी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या सल्ल्याने वेळेवर द्याव्यात.

गुरांची बुळकांडी २०११ साली जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. परंतु तिचीच बहीण शोभावी अशी शेळ्यामेंढ्यांची पीपीआर भारतात प्रथम १९८७ साली तमिळनाडूत ओळखली गेली आणि ती अजून गेलेली नाही. तिचीही लस आहे. डासासारख्या बारीक चिलटांमुळे पसरणाऱ्या नीलजिव्हा रोगाची भारतातील पहिली नोंद तर १९६४ सालची आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. तोंड सुजले, जीभ निळसर पडली, मेंढरू लंगडू लागले की ते कळपातून वेगळे काढावे. चिखलात खूर सडू लागल्यास मोरचुदाच्या पाण्यातून मेंढरे चालवावीत. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर जंतांचे औषध पाजावे. कोकरू जन्मताच तासाभरात चीक पोटात गेला पाहिजे. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक चांगला मेंढा ठेवावा आणि त्याच्याच लेकी माजावर येण्याआधी तो बदलावा, नाहीतर वंश खुजा होत जातो.

एवढे असूनही काळ्या मेंढीला आज कठीण दिवस आले आहेत. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे २७ लाख मेंढ्या मोजल्या गेल्या, म्हणजे मेंढरू संपलेले नाही. शासनाची २०१७ ची महामेष योजनाही आहे. बदलले आहे ते मेंढरामागचे कारण. पानिपतच्या गिरण्यांत जुन्या कपड्यांपासून बनलेली स्वस्त ब्लँकेटे आली आणि घोंगडी मागे पडली. कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त झाली. अनेक वाड्यांवर कातरलेली लोकर बांधाला टाकून देतात. साहजिकच मेंढके जत तालुक्यातल्या माडग्याळ जातीकडे वळले. ती उंच, तपकिरी ठिपक्यांची, बाकदार नाकाची मेंढी भराभर वाढते, मांसाला दर चांगला मिळतो, आणि लोकरीची कटकट जवळजवळ नाही. यात मेंढक्याचा दोष काय? त्यालाही मुले शिकवायची आहेत. पण काळी मेंढी गेली तर माग बंद पडेल, कातणाऱ्या हातांची कला जाईल, आणि देवाच्या गादीवर पानिपतचे ब्लँकेट घालण्याची पाळी येईल.

म्हणून समस्त ग्रामस्थांपुढे तीन गोष्टी नम्रपणे मांडतो. पहिली, देवस्थानच्या प्रत्येक कार्यात आणि सत्कारात शालीऐवजी आपल्याच भागात विणलेली घोंगडी द्यावी. वर्षाकाठी दहा-वीस घोंगड्यांची मागणी निघाली तरी एक माग चालू राहतो. दुसरी, यात्रेच्या दिवशी गोळा होणाऱ्या कळपांसाठी दवाखान्याच्या सहकार्याने लसीकरण ठेवावे. एवढी मेंढरे एका ठिकाणी येतात तेथेच रोगाचे भय अधिक असते. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मंदिराभोवती फरशी झाली, आवार बांधून झाले, हे शोभेचेच आहे. आता मागच्या बाजूचा उरलेला माळ तरी मोकळा ठेवावा. तेथे मंगल कार्यालय व्हावे अशी सूचना काहींनी केली आहे, आणि तिच्यामागील भावना चांगली आहे. पण कार्यालय गावात अन्यत्रही होऊ शकेल. परतीच्या वाटेवरील वाड्यांना देवाच्या सावलीत तळ देणारी जागा दुसरी नाही. ज्या देवाने मेंढरे राखली, त्याच्या दारात मेंढराला उभे राहावयास जागा नसावी, हे आपल्याला शोभणार नाही.

दगडाचा जीर्णोद्धार आपण केला. काळ्या मेंढीचाही आपल्या हातून व्हावा, पाऊसपाणी वेळेवर यावे, कळप निरोगी राहोत, अशी श्रीचरणी प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.

बिरोबाच्या नावानं चांगभलं!