हिवतापाच्या जंतूतला हिरवा पूर्वज

पोंभुर्ण्याकडे धानाची रोवणी सुरू झाली की हिवतापाचे दिवसही येतात. राज्यातल्या हिवतापाचा मोठा भार तर शेजारच्या गडचिरोलीवर आहे. थंडी वाजून ताप भरला की आशाताई बोटातून रक्ताचा थेंब घेऊन पट्टीवर तपासतात. पण या जंतूचा खानदानी इतिहास भलताच आहे, आणि आज मला तोच सांगायचाय.

1880 मध्ये लाव्हरान यांना अल्जेरियात रुग्णाच्या रक्तात हा जंतू दिसला. 1897 मध्ये रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत तो डासाच्या पोटात सापडला. म्हणजे चोर कळला, त्याची गाडी कळली. घरात काय दडलंय, ते कळायला मात्र शंभर वर्षं लागली.

1975 मध्ये अराक्सी किलेजियन यांना पक्ष्यांच्या हिवतापाच्या जंतूत डीएनएचं एक गोल कडं मिळालं. ते मायटोकाँड्रियाचं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघराचं असावं, असं तेव्हा वाटलं. पण त्यातली जनुकं वाचल्यावर शास्त्रज्ञ चक्रावले. ती वनस्पतींच्या हरितलवकांशी जुळत होती! 1996-97 मध्ये पक्कं झालं की हे कडं चार पडद्यांच्या एका पिशवीत असतं. तिचं नाव अ‍ॅपिकोप्लास्ट. फार पूर्वी या जंतूच्या पूर्वजानं एक शेवाळ गिळलं, त्याची ही खूण. हिरवेपणा गेला, उन्हावर अन्न करणं गेलं, पण कारखाना राहिला.

तो कशासाठी? 2011 मध्ये येह आणि डेरिसी यांनी जंतूचा अ‍ॅपिकोप्लास्टच काढून टाकला आणि बाहेरून फक्त एक रसायन पुरवलं, आयसोपेंटेनिल पायरोफॉस्फेट. जंतू रक्तपेशींत जगत राहिला! म्हणजे रक्तात असताना त्याला हा कारखाना एवढ्या एका मालासाठीच लागतो. आपलं शरीर तो माल वेगळ्या पद्धतीनं बनवतं. म्हणून इथं घाव घातला तर जंतू मरेल, माणूस नाही.

जिवाणूंवरचं डॉक्सिसायक्लिन हिवतापावर चालतं ते याच कारखान्यामुळे. पण त्यानं जंतू लगेच मरत नाही, त्याची पुढची पिढी मरते. म्हणून उपचारात ते एकटं देत नाहीत. दुकानातून चार गोळ्या आणून घरीच ताप काढू नका, असं मी सांगतो ते यासाठी.

पवईच्या आयआयटी मुंबईत डॉ. स्वाती पाटणकर यांच्या प्रयोगशाळेनं या कारखान्यापर्यंत प्रथिनं कशी पोचतात, यावर काम केलंय. जुनी औषधं एकेक करून बोथट होत असताना नवा घाव कुठं घालायचा, ते अशाच कामातून कळणार आहे.

तोवर ताप आला की आधी रक्त तपासा, आणि गोळ्यांचा डोस पूर्ण करा. भेटू पुढच्या भागात!