फुकट घराची वंशावळ

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या ५५६ कुटुंबांना १४ ऑगस्ट २०२५ रोजी नव्या टॉवरमधल्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांची खोली गेली, ५०० चौरस फुटांचे घर आले, तेही मोफत. या प्रकल्पाचे नारळ दोनदा फुटले होते, एकदा २०१७ मध्ये आणि सत्ता बदलल्यावर २०२१ मध्ये. त्यामुळे श्रेयावरून पक्षांची जुंपणे ओघानेच आले. पण या घराचे पैसे कोणी भरले, हा प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारला नाही. शेजारी विक्रीसाठी जे टॉवर उभे राहणार, ते हे पैसे भरणार आहेत. मुंबईत गरिबाचे घर श्रीमंताच्या मजल्यांवर उभे करायची ही रीत आली कुठून?

सुरुवात प्लेगपासून करावी लागते. १८९६ च्या साथीत मांडवीसारख्या वस्त्यांतल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या सरकारच्या डोळ्यांवर आल्या आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. या ट्रस्टने गल्ल्या पाडून रस्ते रुंद केले, बीआयटी चाळी बांधल्या आणि एक नियम घालून दिला. खोलीच्या भिंतीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेघ ओढली, तर ती साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक चढी असता कामा नये. म्हणजे इमारत जेवढी उंच, निदान त्याच्या निम्मी मोकळी जागा तिच्यापुढे हवी. मुंबईत उंचीचा वाद सुरू झाला तो असा, उजेडावरून. ट्रस्टने पाडली त्या मानाने घरे कमी बांधली, हा आरोपही तेव्हापासूनचाच.

१९२० मध्ये गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी, काढले. गिरणी कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. त्यासाठी कर्ज काढले आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया उपकर लावला. अखेर वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या, म्हणजे साधारण सोळा हजार खोल्या. भाडे परवडेना म्हणून त्यांतल्या कित्येक बरीच वर्षे रिकाम्या पडल्या. योजना फसली, पण घराचे पैसे कुठून आले ते उघड होते. ज्या धंद्याला कामगार हवा होता, त्याच धंद्याच्या मालावर कर बसला होता.

१९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. भाडेकरू वाचला, पण भाड्यासाठी चाळ बांधणारा मालक संपला. पागडी आली, दुरुस्ती थांबली आणि इमारती कोसळू लागल्या. १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळ आले, उपकर आला. जुन्या शहरातल्या उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९ हजारांवर होती.

दरम्यान १९६० च्या दशकात विकास नियंत्रण नियमांबरोबर एफएसआय आला. भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येईल याचा हा आकडा शहरात गर्दी माजू नये म्हणून लावलेला लगाम होता. १९९१ च्या नियमावलीत तो बेटावरच्या शहरासाठी १.३३ आणि उपनगरांसाठी १ होता. पण त्याच नियमावलीने लगाम सैल करायची कारणेही लिहून ठेवली. झोपडपट्टी पुनर्विकासासाठी अडीच एफएसआय आणि झोपडीधारकाला १८० चौरस फूट, हे त्यातलेच. मर्यादा जितकी कडक, तितकी सवलत महाग. सरकारच्या हाती न छापता चालणारे चलन आले.

१९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीने चाळीस लाख झोपडीवासीयांना मोफत घरांचे आश्वासन दिले. अफझलपूरकर अभ्यासगटाने त्याचे गणित बसवले आणि झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण स्थापन झाले. घर २२५ चौरस फुटांचे. पुनर्वसनाच्या दहा चौरस फुटांमागे बिल्डरला विकायला शहरात साडेसात, उपनगरात दहा आणि धारावीत १३.३ चौरस फूट. सरकारने तिजोरीतून घर बांधायचेच नाही. ताडदेवच्या एम. पी. मिल कंपाउंडमध्ये या सूत्राचे चित्र पाहायला मिळते. झोपड्या होत्या तिथे साठ मजली 'इम्पीरियल' जुळे टॉवर उभे आहेत आणि शेजारी पुनर्वसनाच्या इमारती. गिरण्यांच्या जमिनींचेही असेच झाले. १९९१ च्या नियमात एक तृतीयांश जमीन पालिकेला आणि एक तृतीयांश म्हाडा या सरकारी गृहनिर्माण संस्थेला होती. २००१ मध्ये ही वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती राहिली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले.

पुढचे राजकारण चौरस फुटांच्या लिलावाचे आहे. २२५ चे २६९ झाले, मग ३००. धारावीत पात्र रहिवाशांना ३५०, तर विरोधकांची मागणी ५००. पात्रतेची तारीख १९९५ वरून २००० वर आणि पुढे २०११ पर्यंत सरकली. आकडा वाढला की विक्रीचे मजले वाढवावे लागतात. ते सामावण्यासाठी पुनर्वसनाच्या इमारती आणखी दाटीने रचल्या जातात. युतीचे १९९५ चे आश्वासन साधारण आठ लाख घरांचे होते. तीस वर्षांत त्याच्या निम्मीही झाली नाहीत. कारण उघड आहे. जिथे विक्रीच्या घराला भाव नाही, तिथे बिल्डर फिरकत नाही.

दाटीची किंमत गोवंडी-मानखुर्दमध्ये दिसली. प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या नटवर पारेख आणि लल्लूभाई कंपाउंडमध्ये सात-आठ मजल्यांच्या इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात इथल्या दर दहा घरांमागे साधारण एका घरात क्षयाचा रुग्ण आढळला. ट्रस्टचा जुना नियम लावला असता, तर एवढ्या उंचीला दहा-अकरा मीटर मोकळी जागा सोडावी लागली असती. प्लेगने शिकवलेला धडा सवलतींच्या यादीत केव्हा वाहून गेला, हे कोणाच्या ध्यानातही आले नाही.

उंच इमारत स्वतः वाईट नाही. मोकळी जागा सोडून बांधली तर तीच जागा वाचवते. वाईट आहे ते तिच्या विक्रीवर गरिबाचे घर टांगून ठेवणे. चौरस फूट वाढवून देणारा उमेदवार दारात आला की त्याला तीन प्रश्न विचारा: दोन इमारतींमध्ये अंतर किती, दहा वर्षांनी लिफ्टचा खर्च कोण उचलणार आणि टॉवर विकले गेले नाहीत तर घर कोण बांधणार? उत्तरे नसतील तर ते घर फुकट नाही, उधारीवर आहे.